प्रौढ साक्षरता वाडीपर्यंत कशी पोचते आणि कुठे अडते

रत्नागिरी जिल्ह्याचा साक्षरतेचा आकडा २०११ च्या जनगणनेत ८२ टक्क्यांच्या आसपास होता आणि सिंधुदुर्गाचा साडेपंच्याऐंशीच्या. ऐकायला चांगलं वाटतं. पण रत्नागिरीत पुरुष साधारण ९१ टक्के साक्षर आणि बायका ७५ टक्क्यांच्याही किंचित खाली, म्हणजे सरासरीच्या पोटात सोळा टक्क्यांचं अंतर लपलेलं आहे. आणि याच जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. शेत, घर, बँक, रेशन, सासऱ्यांचं औषधपाणी हे सगळं जिच्या अंगावर आहे, तिच्यातच न वाचता येणाऱ्यांचं प्रमाण जास्त.

सरासरी चांगली असण्याचा एक तोटाही होतो. २००९ साली सुरू झालेली ‘साक्षर भारत’ ही केंद्राची योजना मुख्यतः ज्या जिल्ह्यांत २००१ च्या जनगणनेनुसार प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यासाठी होती. कोकण त्या निकषात बसत नव्हतं. निकष चुकीचा होता असं नाही. पैसा थोडा असला की गरजू जिल्हे आधी घ्यावेच लागतात. पण त्यामुळे चांगल्या जिल्ह्यातली मागे राहिलेली वाडी कुणाच्याच यादीत आली नाही. मागे राहिलेल्या या लोकांपर्यंत पोचणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कष्टाचं असतं, कारण ते एका जागी नसतात. घाटाखालच्या एका वाडीत चार, खाडीपलीकडे तीन, कातकरवाडीत मात्र घरटी दोन.

आता चालू आहे तो ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’, म्हणजेच ‘उल्लास’. २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा. वय वर्षं १५ आणि त्यापुढचे सगळे यात येतात आणि दर वर्षी एक कोटी, एकूण पाच कोटी लोकांना शिकवायचं उद्दिष्ट आहे. योजनेचे भाग पाच: पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान; पैशांचे व्यवहार, मोबाइल, आरोग्य, कायदा अशी जीवनकौशल्यं; व्यवसाय कौशल्यं; पुढच्या इयत्तांशी समकक्ष शिक्षण; आणि निरंतर शिक्षण. एकूण तरतूद १०३७.९० कोटी रुपये. त्यातले ७०० कोटी केंद्राचे, बाकीचे राज्यांचे.

हा आकडा मोठा दिसतो. पाच कोटी शिकणाऱ्यांनी भागून बघा. माणशी साधारण २०७ रुपये येतात, तेही पाच वर्षांत, छपाई, प्रशिक्षण, परीक्षा, देखरेख सगळं धरून. शिकवणाऱ्याला मानधन नाही. योजना स्वयंसेवकांवर उभी आहे. हे कळलं की गावात काय करावं लागेल ते आपोआप कळतं: कंदील, चष्मा, चटई, फळा यांची सोय गावालाच बघावी लागणार आहे.

यादीपासूनच चूक सुरू होते

योजनेत शाळा हे अंमलबजावणीचं एकक आहे. शाळेच्या हद्दीतले निरक्षर शोधायचे, त्यांची आणि स्वयंसेवकांची नोंद ॲपवर करायची, जोड्या लावायच्या. कागदावर हे सोपं आहे. कोकणातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे पुष्कळदा दोन शिक्षक आणि पंधरा-वीस मुलं, आणि तिच्या हद्दीत डोंगरउतारावर पसरलेल्या पाच-सहा वाड्या. २०२३ साली राज्यातल्या शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणाला विरोध केला, तो आणखी एक अशैक्षणिक काम नको म्हणून. त्यांची तक्रार रास्त होती. पण त्यामुळे महाराष्ट्रात काम उशिरा सुरू झालं, हेही खरं.

घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे निरक्षर कोण आहे?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. दारात बसलेला माणूस ‘आमच्यात सगळे शिकलेले’ म्हणतो, आणि आत भात शिजवणारी सून ते ऐकून गप्प राहते. निरक्षर म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? शिवाय ज्यांना सही येते ते स्वतःला साक्षर समजतात, यादी करणाराही समजतो. जनगणनेच्या व्याख्येत मात्र वयाची सात वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता यायला हवं, तरच तो साक्षर.

सहीपुरतं शिकण्यात खरा धोका आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. अंगठा लावणाऱ्या बाईला कागद वाचून दाखवण्याची, साक्षीदार घेण्याची रीत आहे. सही करणारीला कुणी काही वाचून दाखवत नाही. तिनं वाचलंय असं गृहीत धरतात. सही आली आणि वाचन आलं नाही, तर तिचं आधीचं संरक्षण गेलं आणि नवं काही हाती आलं नाही. सामायिक सातबारा, हक्कसोडपत्र, जमिनीचं कुलमुखत्यारपत्र ही कोकणातली रोजची कागदपत्रं आहेत. इथे हे फार महागात पडतं.

म्हणून यादी करताना प्रश्न कामाचा विचारावा. लाइट बिल पुढे करून ‘यातलं नाव आणि भरायची रक्कम कुठे लिहिली आहे, दाखवता का?’ एवढं पुरे. हे काम बचत गटाच्या बैठकीत उत्तम होतं, कारण हिशोबाची वही कोण लिहितं आणि कोण नुसतं ऐकतं हे गटातल्या बायकांना ठाऊक असतं. उमेद अभियानाच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ताई, आशाताई, अंगणवाडी सेविका यांना बरोबर घेतलं की अर्धं काम झालं.

कातकरी कुटुंबांची यादी पावसाळ्यातच करावी. दिवाळीनंतर रायगडातल्या आणि उत्तर रत्नागिरीतल्या कातकरवाड्या वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात गेलात तर कुलूप दिसेल आणि यादीत शून्य लिहिलं जाईल.

आणखी एक गोष्ट. योजनेत १५ ते ३५ वयोगटाला आधी घ्यावं असं धोरण आहे. देशभराचा विचार केला तर ते बरोबर आहे. कोकणात मात्र या वयाचे न शिकलेले थोडे आणि पन्नाशीपुढच्या बायका जास्त. त्यामुळे तरुण सापडेनात म्हणून यादी छोटी ठेवू नये. वयाची वरची मर्यादा योजनेत नाहीच.

वेळापत्रक पंचांगावरून ठरतं

वर्ग बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आळस नसून हंगाम असतो. जून-जुलैत पेरणी-लावणी. गौरी-गणपतीच्या आधी आठवडाभर घर सारवण्यापासून चाकरमान्यांच्या सोयीपर्यंत सगळं. त्यानंतर कापणी-झोडणी, ती दिवाळीपर्यंत. फेब्रुवारीपासून काजू, मार्चपासून आंबा, मध्ये शिमगा, मे महिन्यात लग्नं आणि मुंबईकर. उरले काय? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आणि श्रावणातले चार-पाच आठवडे.

हिशोब करू. आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, म्हणजे साडेसात तास. सोळा आठवड्यांत १२० तास. श्रावणातले पाच आठवडे धरले तर आणखी सदतीस-अडतीस. एकूण १६० च्या आत. ‘साक्षर भारत’ योजनेत एका माणसाला साक्षर करायला सुमारे ३०० तास धरले होते. ज्यानं कधी पेन्सिल धरली नाही त्याला वाचून अर्थ लागेपर्यंत पोचायला खरोखरच एवढा वेळ लागतो. म्हणजे कोकणातल्या शेतकरी बाईसाठी हा दोन हंगामांचा मामला आहे. एका हिवाळ्यात परीक्षेला बसवून मोकळं व्हायची घाई केली की सही आणि पाठ केलेली चार वाक्यं तेवढी हाती लागतात.

मच्छीमारांचं पंचांग निराळं. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे ६१ दिवस खलाशी आणि तांडेल (बोटीचे प्रमुख) घरी असतात, जाळी विणत, बोटी डागडुजी करत. हर्णै, मिरकरवाडा, मालवणसारख्या बंदरांत पुरुषांचा वर्ग याच दोन महिन्यांत होऊ शकतो, आणि सोसायटीच्या कार्यालयाइतकी चांगली जागा नाही. मासळी विकणाऱ्या बायकांना मात्र दुपारी बाजार उठल्यावर, तीनच्या पुढे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येनं आहेत. बागांचे राखणदारही पुष्कळदा नेपाळी. त्यांचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही. साक्षरतेची व्याख्या कुठल्याही भाषेची आहे, आणि नेपाळीची लिपीही देवनागरीच. त्यांच्यासाठी गट करायचा तर बंदीत ते गावी जातात हे ध्यानात ठेवून ऑगस्टनंतरच करावा.

परीक्षेची तारीख मात्र राज्यभर एकच असते. २०२४ ची परीक्षा १७ मार्चला झाली. होळी होती २४ ला. पालख्या निघायच्या बेतात, काजूबिया वेचायचे दिवस. तरी परीक्षा सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात आपल्या सोयीनं येऊन तीन तासांत द्यायची मुभा होती, ते शहाणपणाचं होतं. काजू वेचून अकरा-बाराला येणारीही पेपर देऊ शकते. हे तिला आधी सांगायला मात्र हवं, कारण सकाळची वेळ चुकली म्हणजे संपलं असं समजून लोक येतच नाहीत.

वर्गात नेमकं काय करायचं

पहिल्या दिवशी अक्षर शिकवू नका, डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं. बाई म्हणते ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’, आणि खरं कारण असतं तिला अक्षरच दिसत नाही. ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी चष्म्याचा नंबर काढून देतात. गावातल्या दहा जणींना एका दिवशी गाडी करून नेलं, तर पुढचे चार महिने वाया जात नाहीत. मोतीबिंदू असेल तर तोही तेव्हाच कळतो.

जागा वाडीतलीच हवी: कुणाची तरी पडवी, देवळाचा सभामंडप. शाळेच्या छोट्या बाकांवर मोठ्या माणसांना बसता येत नाही, आणि रात्री पऱ्या (ओढा) ओलांडून कुणी येणार नाही. वीज जाते, म्हणून चार्जिंगचे दोन दिवे हवेत. एका स्वयंसेवकाकडे आठ-दहापेक्षा जास्त जण देऊ नका. शिकवणारी वाडीतलीच नववी-दहावीची मुलगी असेल तर उत्तम. पण सासूला सुनेकडे शिकायला बसवू नका, दोघींची अडचण होते.

अक्षरं ‘अ आ इ ई’ या क्रमानं शिकवली तर पहिला शब्द वाचायला महिना जातो. मोठं माणूस तेवढं थांबत नाही. त्यापेक्षा काना-मात्रा नसलेला ओळखीचा शब्द घ्या. ‘फणस’ घ्या. फळ्यावर लिहा, चित्र काढा, मग तीन अक्षरं सुटी करा: फ, ण, स. त्यात घ आणि र घाला. आता या पाच अक्षरांतून घर, रस, सण, सर असे शब्द ती स्वतः जुळवते. चौथ्या-पाचव्या दिवशी काना द्या, की घास, रास, सार, घार तयार. आपण वाचतोय हे पहिल्या आठवड्यात कळलं की माणूस टिकतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पहिले तीन महिने दुरुस्त करू नका. मालवणीत किंवा कातकरीत बोलणाऱ्या माणसाला पुस्तकातली भाषा थोडी परकी असते. तिनं ‘म्हावरा’ म्हटलं तर तो शब्द फळ्यावर लिहा, ‘मासे’ नंतर येईल.

हिशोब शिकवावा लागत नाही, लिहायला शिकवावा लागतो. मासळीचे वाटे लावणारी, सव्वा-दीड-अडीचचा भाव तोंडी करणारी बाई गणितात कच्ची नसते. तिला आकडे ओळखता येत नाहीत, एवढंच. इथे एक व्यवहारी सल्ला: मराठी आकड्यांबरोबर पहिल्याच आठवड्यात इंग्रजी आकडेही शिकवा. मोबाइल, वजनकाटा, औषधाची तारीख, सगळीकडे तेच असतात.

उदाहरणं तिच्या व्यवहारातली घ्या. काजूबीचं पोतं ४० किलो भरलं, भाव ११० रुपये, झाले ४४०० रुपये. व्यापाऱ्यानं पोत्याचं म्हणून एक किलो कापलं तर ११० रुपये गेले. रिकामं प्लास्टिकचं पोतं काट्यावर ठेवून बघा, शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. कापायचेच तर अकरा-चौदा रुपये कापायला हवेत. हा एक धडा झाला की दुसऱ्या दिवशी हजेरी वाढते.

व्याजाचा धडा याहून महत्त्वाचा. ‘शेकडा दोन’ म्हणजे महिन्याला शंभराला दोन. दहा हजारांवर महिन्याला २००, वर्षाला २४००, म्हणजे वर्षाचा दर २४ टक्के. बचत गटातून शेकडा एकनं मिळालं तर १२००. आता ‘फ्लॅट’ दराची गोष्ट. ३० हजार कर्ज, १२ टक्के फ्लॅट, बारा हप्ते: हप्ता २८०० चा, एकूण ३३,६००. ऐकायला बारा टक्केच. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ३० हजारांवर लावलंय, त्यामुळे खरा वार्षिक दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. हप्ते गोळा करायला वाडीत येणाऱ्या माणसाला ‘दर फ्लॅट की उतरत्या शिलकीवर?’ एवढा एक प्रश्न विचारता आला, तर संख्याज्ञानाचं चीज झालं.

लिहिण्यासाठी बँकेची पैसे काढायची स्लिप हे सगळ्यात चांगलं पान आहे. तारीख, खाते क्रमांक, रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरांत, सही. कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा बँकेतून मागून आणा आणि प्रत्येकीला वीस-पंचवीस वेळा भरायला लावा. अक्षरांत रक्कम लिहिताना सगळे अडतात. ‘एक हजार पाचशे फक्त’ हे फळ्यावर आठवडाभर राहू द्या. एक गोष्ट विसरू नका: बँकेत अंगठ्याची नोंद असेल तर आधी अर्ज देऊन सहीचा नमुना नोंदवून घ्यावा लागतो. नाहीतर बाई पहिल्यांदा सही करून स्लिप देते, ती जुळत नाही म्हणून परत येते, आणि चार लोकांदेखत अपमान झाला म्हणून ती पुन्हा अंगठ्यावर जाते.

परीक्षा आणि त्यानंतर

परीक्षा १५० गुणांची. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येकात किमान ३३ टक्के. एकात चांगले गुण मिळाले म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. बहुतेकांचं अडतं ते लेखनात, कारण वाचन झपाट्यानं येतं आणि हात मागे राहतो. म्हणून शेवटचे सहा आठवडे रोज अर्धा तास नुसतं लिहायला द्या. जमलं नाही तर पुढच्या परीक्षेला बसता येतं, हे आधीच सांगून ठेवा.

राज्य पूर्ण साक्षर झालं असं म्हणायला केंद्रानं ९५ टक्क्यांची रेषा ठरवली आहे. शेजारच्या गोव्यानं ३० मे २०२५ ला तशी घोषणा केली. घोषणेचा आनंद आहेच, पण त्यानंतरच्या दोन वर्षांत काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. नवसाक्षर माणसानं सहा-आठ महिने काही वाचलं नाही की अक्षरं पुसट होत जातात. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाल्यावर देशभर ज्या मोठ्या मोहिमा झाल्या, त्यात पुष्कळ ठिकाणी हेच घडलं: मोहीम जोरात, नंतरचं काम ढिलं.

याला उपाय खर्चिक नाहीत. बचत गटाची हिशोबवही आळीपाळीनं सगळ्यांनी लिहायची, एका जणीकडेच कायम ठेवायची नाही. रेशन दुकानाचा फलक, एसटीचं वेळापत्रक, ग्रामसभेची नोटीस ठळक अक्षरांत लावायची. कोकणात वाचनालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं. पण वाचनालयं शहरात आणि तालुक्याला, आणि नवसाक्षर वाडीत. मोठ्या टायपातली तीस-चाळीस पुस्तकं एका पेटीत घालून दर दोन महिन्यांनी वाडी बदलत फिरवली, तर हे अंतर मिटतं.

ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही पाचवी, आठवी, दहावी देता येते. कौशल्यासाठी जन शिक्षण संस्था आहेत, खास कमी शिकलेल्यांसाठी.

मोबाइलचं शिक्षण मात्र सध्या अधांतरी आहे. ग्रामीण भागासाठीचा ‘पीएमजीदिशा’ हा २० तासांचा वर्ग मार्च २०२४ मध्ये बंद झाला. आणि गरज तर वाढलीय: ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची, रेशनची ई-केवायसी, ओटीपी. साक्षरता वर्गाच्या शेवटच्या महिन्यात आठ-दहा तास यासाठी काढावेत. त्यात तीन गोष्टी पक्क्या करा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, नातेवाइकानं फोनवर मागितला तरी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. आणि अंगठा टेकवून पैसे काढले की पावती मागायची, तिच्यावरची रक्कम आणि उरलेली शिल्लक तिथेच वाचायची.

या सगळ्याला लागणारा पैसा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधीच लिहून घ्यावा लागतो. आराखड्याची तयारी दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे भातकापणीच्या ऐन धांदलीत, आणि बायका ग्रामसभेला येत नाहीत. त्याआधीची महिला सभा पकडा. वाडीवार नावांची यादी, लागणारे दिवे, चष्मे, पुस्तकांची पेटी आणि प्रत्येकाची किंमत असं एका पानावर लिहून ठराव घ्या. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या, एक उमेदच्या तालुका कार्यालयात, आणि पोच घेऊन ठेवा.